पहिल्या आंघोळीआधी गीझर बघून घ्या

नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी आपल्या भागात पाणी भरायची रीत आहे. हंडे, घागरी, बंब चिंच लावून घासायचे, धुऊन ओळीने मांडायचे, हळदकुंकू लावायचं आणि ताजं पाणी भरून ठेवायचं. आपले कानडी शेजारी याला ‘नीरु तुंबुव हब्ब’ म्हणतात, म्हणजे पाणी भरायचा सण. दुसऱ्या दिवशी पहाटे याच पाण्याने पहिली आंघोळ.

सणाचा भाग क्षणभर बाजूला ठेवून या रीतीकडे पाहिलं, तर ती पाणी तापवण्याच्या सामानाची वर्षातून एकदा होणारी तपासणी होती. बंब घासताना मधल्या नळीतली काजळी झटकली जायची. तोटी गळते का ते कळायचं. बुडाला भोक पडलं असेल तर दिसायचं. आणि हे सगळं कधी, तर थंडी पडायच्या तोंडावर.

आता बऱ्याच घरांतला बंब माळ्यावर गेलाय. गच्चीवर सोलर आहे, न्हाणीघरात विजेचा किंवा गॅसचा गीझर आहे. पाणी भरायच्या दिवशी आपण पितळी घागर अजूनही हौसेने घासतो, फोटो काढून ग्रुपवर टाकतो. पण भिंतीवरच्या त्या पांढऱ्या डब्याकडे कोणी बघत नाही. पाणी तापतंय ना, मग झालं!

हा लेख त्या ‘मग झालं’बद्दल आहे. निपाणी, चिकोडी, बेळगाव, खानापूर या पट्ट्यातल्या आपल्या घरांत परदेशातल्यासारखी घर तापवायची भट्टी नसते. आपल्याकडे थंडीत आग पेटते ती आंघोळीच्या पाण्यासाठी, नाहीतर शेकायला. धोका मात्र तिकडचा आणि इकडचा एकच आहे.

पाणी तापतं म्हणजे गीझर ठीक, असं नाही

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्या धंद्यात बिघाड दोन प्रकारचे असतात. एक म्हणजे यंत्रणा बंदच पडते. ओरडाआरडा होतो, माणसं रात्रीची उठून बसतात, पण दुरुस्ती होते. दुसरा प्रकार जास्त वाईट. यंत्रणा चालू असते, वरून सगळं व्यवस्थित दिसतं आणि आत काहीतरी चुकीचं होत राहतं. ते कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो.

गॅस गीझरचा बिघाड या दुसऱ्या जातीचा. बर्नरमध्ये कचरा अडकला, तांब्याच्या पात्यांवर काजळी धरली, खोलीतली हवा कमी पडली, तरी पाणी तापतच राहतं. पण गॅस पूर्ण जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही, डोळ्यांची जळजळ नाही. सिलिंडर गळतो तेव्हा येणारा उग्र वास हा मुद्दाम मिसळलेल्या रसायनाचा असतो. ते रसायन गॅससोबत जळून जातं, त्यामुळे जळल्यानंतरच्या या विषाला नाक ओळखत नाही.

आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेतं. कार्बन मोनॉक्साइड त्याच हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. श्वास चालू असतो, छाती वरखाली होत असते, पण रक्तात ऑक्सिजनला जागाच उरत नाही. आधी डोकं जड होतं, मळमळतं, गरगरतं. मग हातापायातलं बळ जातं. मेंदूलाच ऑक्सिजन कमी पडत असल्यामुळे ‘आपल्याला काहीतरी होतंय, बाहेर पडावं’ हा विचारही नीट सुचत नाही. सुचला तरी कडीपर्यंत हात पोचेल याची खात्री नसते.

जानेवारी २०२० मध्ये मुंबईत बोरिवलीला १५ वर्षांची एक मुलगी आंघोळीला गेली आणि गॅस गीझरच्या या वायूने बेशुद्ध पडली. उपचार चालू असताना तिचा मृत्यू झाला. त्याच महिन्यात नेपाळमधल्या दामन इथे केरळहून गेलेले आठ पर्यटक हॉटेलच्या खोलीत दगावले. त्यांत चार लहान मुलं होती. थंडी होती म्हणून खिडक्या लावून गॅसचा हीटर चालू ठेवला होता. आणि हे आपल्यापासून लांब आहे असं म्हणायलाही जागा नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये बेळगावच्या अमननगरात बंद खोलीत निखारे पेटते ठेवून झोपलेल्या चार तरुणांपैकी तिघं सकाळी उठलेच नाहीत.

थंडीत गीझर बदलत नाही, घर बदलतं

एप्रिलमध्ये जो गीझर काही त्रास देत नाही तोच डिसेंबरमध्ये जीव का घेतो? यंत्र तेच असतं. त्याच्याभोवतीचं घर बदलतं.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा १४ अंशांच्या आसपास येतो, काही दिवशी त्याहून खाली जातो. त्यात पहाटेचं वारं. मग आपण काय करतो? न्हाणीघराच्या झडपांच्या खिडकीला पुठ्ठा लावतो. भोकात जुना टॉवेल कोंबतो. दाराच्या फटीला पायपुसणं सरकवतो. टाकीतलं पाणी थंडगार असतं, म्हणून ते तापवायला ज्योत जास्त वेळ आणि जास्त मोठी जळते. आणि अंगावरचं कढत पाणी सोडवत नाही म्हणून आंघोळही लांबते. म्हणजे आग वाढते, वेळ वाढतो आणि हवा कमी होते. तिन्ही गोष्टी एकाच महिन्यात.

आता थोडा हिशेब करू. मिनिटाला ६ लिटर पाणी देणारा गीझर घ्या. पाणी २५ अंशांनी तापवायचं तर मिनिटाला १५० किलोकॅलरी, म्हणजे तासाला ९,००० किलोकॅलरी उष्णता लागते. एक किलो एलपीजीतून साधारण ११,००० किलोकॅलरी मिळतात. थोडी वाया जाते. म्हणजे हा गीझर तासाला जवळजवळ एक किलो गॅस जाळतो. स्वयंपाकघरातल्या शेगडीचे पाच-सहा मोठे बर्नर एकदम पेटवल्यासारखं हे आहे. शेगडीचे सहा बर्नर दार-खिडकी बंद करून आपण कधी पेटवू का?

एक किलो एलपीजी पूर्ण जळायला अंदाजे १२ घनमीटर हवा लागते. पाच बाय सहा फुटांच्या, आठ फूट उंचीच्या न्हाणीघरात एकूण हवाच असते सातेक घनमीटर. पंधरा मिनिटांच्या आंघोळीत पाव किलो गॅस जळतो, त्याला तीन घनमीटर हवा लागते. म्हणजे बाहेरून हवा आलीच नाही, तर एका माणसाच्या आंघोळीत खोलीतला जवळपास निम्मा ऑक्सिजन संपेल. ज्योतीला मात्र तितकं लागत नाही. ऑक्सिजन थोडा कमी झाला की ती अर्धवट जळायला लागते आणि विष बनवायला सुरुवात करते.

आणि पहिल्या आंघोळीला तर घरात आठ-दहा माणसं असतात. पहाटे पाचला गीझर सुरू होतो, एक बाहेर आला की दुसरा आत. उटणं, तेल, सगळं साग्रसंगीत. शेवटी नंबर कोणाचा? सगळ्यांचं झाल्यावर आंघोळीला जाणाऱ्या आईचा, नाहीतर मावशीचा. खोलीतली सगळ्यात खराब हवा तिच्या वाट्याला येते.

आधी जागा बघा, मग यंत्र

तपासणीची सुरुवात स्क्रू ड्रायव्हरने करू नका. गीझर कुठे टांगलाय तिथून करा. गॅस गीझरची योग्य जागा न्हाणीघराच्या बाहेर आहे. बाहेरच्या मोकळ्या पडवीत, परसात, हवेशीर बाल्कनीत गीझर बसवायचा आणि गरम पाण्याचा पाईप भिंतीतून आत घ्यायचा. प्लंबरचं एका दिवसाचं काम आहे. बाकीचं काहीही तपासलं नाही आणि एवढं एकच केलं, तरी बराचसा धोका संपतो.

गीझर आतच असेल, तर तो बाहेर जाईपर्यंत एक नियम पाळता येतो: बादल्या भरेपर्यंत दार सताड उघडं, माणूस बाहेर. गीझर बंद करायचा, खोलीतली हवा पाच-दहा मिनिटं बदलू द्यायची, मग आत जाऊन आंघोळ करायची. आत उभं राहून चालू गीझरखाली शॉवर घेणं पूर्ण बंद. आपल्या आज्ज्या बंबातलं पाणी काढून घेऊनच आंघोळ करायच्या, तसंच हे.

खिडकी खाली आणि वर, दोन्हीकडे उघडी हवी. गळलेला एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साठतो. कार्बन मोनॉक्साइडचं वजन हवेइतकंच, किंचित कमी. गरम धुरासोबत तो वर जातो आणि खोलीभर पसरतो. म्हणून दाराच्या खालच्या बाजूला जाळी आणि वर उघडी झडप, अशी जोडी लागते. नुसता एक्झॉस्ट फॅन लावून भागत नाही. हवा आत यायला वाटच नसेल, तर फॅन हवा खेचतो कुठून? कधी कधी गीझरच्या धुराड्यातूनच, आणि बाहेर जाणारा धूर उलटा खोलीत येतो.

दाराची कडीही बघून घ्या. बाहेरून उघडता येईल अशी कडी हवी. दार बाहेरच्या बाजूला उघडत असेल तर उत्तम. आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडला तर ते ढकलता येत नाही.

गॅस गीझरची दहा मिनिटांची तपासणी

हे सगळं घरचं माणूस करू शकतं. झाकण उघडायची गरज नाही.

१. ज्योतीचा रंग. काचेतून किंवा फटीतून बघा. निळी, स्थिर, सगळीकडे सारखी ज्योत म्हणजे ठीक. पिवळी, लांब, फडफडणारी ज्योत म्हणजे गॅसला हवा कमी पडतेय. त्या क्षणी गीझर बंद करा आणि मेकॅनिक येईपर्यंत लावू नका.

२. काजळी. गीझरच्या वरच्या तोंडाशी, भिंतीवर किंवा छताला काळा डाग आहे का? हा डाग घरातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात प्रामाणिक यंत्र आहे. मागच्या दिवाळीला रंग दिला आणि यंदा पुन्हा काळं झालं असेल, तर पुन्हा रंग काढू नका, गीझर काढा.

३. नळ बंद, ज्योत बंद. पाण्याचा नळ बंद केल्यावर ज्योत लगेच विझली पाहिजे. आत रबराचा एक पडदा असतो, तो पाण्याच्या दाबाने गॅसची वाट उघडतो आणि मिटतो. उन्हाळाभर न वापरलेल्या गीझरचा हा पडदा ताठतो, अडकतो. ज्योत रेंगाळत असेल तर पडदा बदलायला झाला.

४. पेटताना ‘भप्प’ असा आवाज. ठिणगी पडायला उशीर झाला की साठलेला गॅस एकदम पेट घेतो. बहुतेक वेळा सेल उतरलेले असतात. मोठे सेल नवीन घाला. जुने फुगलेत किंवा पांढरी पूड आलीय का तेही बघा.

५. नळी. रबरी नळीवर तारीख छापलेली असते. तेल कंपन्या सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायला सांगतात. नळी दीड मीटरपेक्षा लांब नको आणि भिंतीतून तर अजिबात न्यायची नाही. लांब अंतरासाठी धातूचा पाईप. जोडांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी पेटवून गळती शोधणारे वीर अजूनही आहेत, त्यांना लांब ठेवा.

६. अंगावरची पट्टी. गीझरवर आयएसआय खूण आहे का आणि तो कोणत्या गॅससाठी आहे, ते वाचा. एलपीजी गीझरसाठी आयएस १५५५८ हे भारतीय मानक आहे. घरी पाईपचा गॅस नव्याने आला असेल, तर एलपीजीचा गीझर तसाच जोडून चालत नाही. दोन्ही गॅसचा दाब आणि जेटचं भोक वेगळं असतं.

मेकॅनिकला बोलावलं की त्याच्याकडून बर्नर आणि तांब्याची पाती ब्रशने साफ करून घ्या. कोळ्याची जाळी, धूळ, किडे बर्नरच्या बारीक भोकांत बसलेले असतात. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांच्या घरी आत क्षारांचा थर धरतो, तोही काढायला सांगा. आणि काम झाल्यावर पैसे द्यायच्या आधी त्याच्यासमोर गीझर पाच मिनिटं चालवून ज्योत बघा. नुसतं ‘पाणी कढत येतंय की’ हे उत्तर पुरेसं धरू नका.

विजेचा गीझर आणि कॉइल

विजेच्या गीझरला धूर नाही, पण त्याचीही दिवाळीआधी हजेरी घ्यावी. अर्थिंग नीट आहे का, ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. मुख्य बोर्डात ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवलेला असावा. करंट अंगातून जायला लागला तर तो क्षणात वीज तोडतो. त्यावर ‘टेस्ट’ लिहिलेलं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबायचं; खटका पडला पाहिजे. टाकीखाली एक छोटा झडपेचा नळ असतो, आतला दाब फार वाढला तर तो पाणी सोडतो. तिथून थेंब पडतात म्हणून कोणी बूच मारून ठेवलं असेल, तर ते आधी काढा. बंद टाकीतल्या वाफेला वाट नसेल तर काय होतं, ते कुकरची शिट्टी धरून ठेवल्यासारखंच.

बादलीत टाकायची कॉइल शक्यतो नकोच. वापरायचीच तर प्लास्टिकची बादली, आधी पाण्यात कॉइल, मग बटण; आणि पाण्याला हात लावायच्या आधी बटण बंद करून पिन बाहेर. पाणी तापलंय का ते बोट घालून बघायची सवय घरातल्या लहानांनी मोठ्यांकडूनच उचललेली असते.

बंब, आगटी आणि बाळंतिणीची शेगडी

निपाणी-चिकोडीकडच्या गावांत बंब अजून निवृत्त झालेला नाही. चिपाडं, शेणी, तुराट्या, जे मिळेल ते त्यात जातं आणि फुकटात पाणी तापतं. बंबाला नावं ठेवायचं कारण नाही. फक्त तो परसात हवा, न्हाणीत नको. धूर संपला म्हणजे धोका संपला, असं समजून लाल निखाऱ्यांचा बंब आत उचलून आणतात, तिथे घोटाळा होतो. धूर डोळ्यांना झोंबतो म्हणून माणूस सावध असतो. धगधगणारा निखारा धूर देत नाही, पण कार्बन मोनॉक्साइड भरपूर देतो.

हेच आगटीचं. ऊसतोडीला आलेली कुटुंबं खोपीत झोपतात, रात्रपाळीचे रखवालदार पत्र्याच्या खोलीत बसतात. उघड्यावरची आगटी छान. गप्पा होतात, शेंगा भाजल्या जातात. तीच घमेल्यात भरून खोलीत नेली आणि दार ओढून घेतलं, की अमननगरसारखी रात्र होते. गुऱ्हाळावर, शेतावर, बांधकामावर आपल्याकडे कामाला असलेल्या माणसांना एक-दोन जादा घोंगड्या देणं, हाही या तपासणीचाच भाग समजा.

आणि एक नाजूक विषय. बाळंतिणीला शेक-शेगडी द्यायची आपली जुनी चाल आहे. खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी, त्यावर ओवा-शेपाची धुरी, वारं लागू नये म्हणून दारं-खिडक्या बंद. जुन्या कौलारू घरात कौलांच्या फटींतून हवा खेळायची. आता स्लॅबच्या, ॲल्युमिनियमच्या खिडक्यांच्या बेडरूममध्ये तीच शेगडी ठेवली, तर आत एक थकलेली आई आणि काही दिवसांचं बाळ असतं, ज्याला ‘डोकं दुखतंय’ असं सांगताही येत नाही. शेक द्यायचाच असेल तर गरम पाण्याची पिशवी आहे, तव्यावर गरम केलेलं फडकं आहे. आजींचं मन मोडू नये, पण शेगडी खोलीबाहेर असावी. हे त्यांना डॉक्टरांच्या तोंडून सांगितलेलं बरं. आपलं ऐकणार नाहीत, डॉक्टरांचं ऐकतील.

तिकडे राहणाऱ्यांसाठी

आपले बरेच वाचक अमेरिकेत, कॅनडात, इंग्लंडमध्ये आहेत. तिथे तळघरातली गॅसची भट्टी सगळं घर तापवते. तत्त्व तेच: ज्योत आत, धूर पाईपने बाहेर आणि मधे धातूची पातळ भिंत. त्या भिंतीला तडा गेला किंवा बाहेरचा पाईप पानांनी, पक्ष्याच्या घरट्याने, बर्फाने तुंबला, की धूर घरात येतो. म्हणून थंडीआधी जाणकार माणसाकडून वर्षाची तपासणी, फिल्टर बदलणं आणि प्रत्येक मजल्यावर, झोपायच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरातल्या गॅसच्या उपकरणांची दरवर्षी नोंदणीकृत माणसाकडून तपासणी करून घेणं घरमालकावर १९९८ च्या नियमांनी बंधनकारक आहे.

आपल्याकडे न्हाणीघरातल्या गीझरसाठी दरवर्षी दार वाजवणारं असं कोणी नाही. म्हणून ते घरच्यांनीच ठरवायला हवं. तसा अलार्म आता इथेही ऑनलाइन मिळतो. घेताना नीट वाचा: एलपीजी गळतीचा अलार्म वेगळा, कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा. पहिला जमिनीजवळ बसवायचा, दुसरा साधारण नाकाच्या उंचीवर. अलार्म आहे म्हणून खिडकीला पुठ्ठा लावायला मोकळीक मिळते, असंही नाही. हवेत ७० पीपीएम प्रमाण असेल तर अमेरिकन मानकाप्रमाणे अलार्म एक ते चार तासांत वाजतो; ४०० पीपीएमला चार ते पंधरा मिनिटांत. छोट्या न्हाणीघरात तेवढी मिनिटंही मोठी असतात.

काही झालंच तर

आंघोळीला गेलेलं माणूस हाक मारल्यावर ओ देत नसेल, तर वाट बघू नका. दार उघडा, गरज पडली तर तोडा. आत जाताना स्वतःचा श्वास रोखा, आधी त्या माणसाला मोकळ्या हवेत ओढून आणा, मग गॅस बंद करा, खिडक्या उघडा. १०८ ला फोन लावा. श्वास थांबला असेल आणि येत असेल तर सीपीआर सुरू करा. कांदा हुंगवणं, चप्पल नाकाला लावणं यात मिनिटं घालवू नका. कधी कधी हातपाय झटकले जातात आणि फिट आली असं वाटतं. आंघोळीला गेल्यावरच येणाऱ्या अशा झटक्यांना आपल्याकडच्या डॉक्टरांनी ‘गॅस गीझर सिंड्रोम’ असं नावही दिलंय.

दवाखान्यात पोचल्यावर पहिलं वाक्य हे बोला: ‘न्हाणीघरात गॅस गीझर चालू होता.’ हे एक वाक्य फार मोलाचं आहे. कारण बोटाला लावायचं ऑक्सिमीटर या विषबाधेत फसतं. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेल्या रक्तालाही ते ऑक्सिजनचं रक्त समजतं आणि ९८ दाखवतं. नेमकं कळतं ते रक्त तपासून. उपचार म्हणजे मास्कने शुद्ध ऑक्सिजन. साध्या हवेत हे विष निम्मं व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर ते काम साधारण तासा-दीड तासात होतं. माणूस शुद्धीवर आला, चहा प्याला, ‘बरं वाटतंय’ म्हणाला, तरी दवाखान्यात न्याच. काहींना विसरभोळेपणा, चालताना तोल जाणं असे त्रास काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी दिसतात.

सौम्य खुणाही ओळखून ठेवा. आंघोळ करून आल्यावर रोज डोकं दुखतं, मळमळतं आणि मोकळ्या हवेत बरं वाटतं. घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी तसंच होतं. फक्त थंडीतच होतं. हे पित्त नसेल. पित्ताची गोळी घ्यायच्या आधी गीझरची ज्योत बघा. गॅस गळत असेल तर १९०६ हा एलपीजीचा तातडीचा क्रमांक सगळ्यांच्या फोनमध्ये हवा.

यंदाच्या सुट्टीत एक तास

आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरची आजची परिस्थिती अशी आहे: आईबाबा बेळगावात, निपाणीत किंवा गावी, आणि मुलं पुण्यात, बेंगळुरूत, त्याहूनही लांब. वर्षभर फोनवर ‘सगळं ठीक आहे’ एवढंच कळतं. गीझरच्या पिवळ्या ज्योतीबद्दल आई फोनवर सांगत नाही. तिच्या लेखी ती सांगण्यासारखी गोष्टच नसते. आणि सांगितलं तरी ‘मेकॅनिकला बोलवा’ एवढंच आपण म्हणतो, मेकॅनिक काही येत नाही.

म्हणून दिवाळीला घरी पोचलात की पहिल्या आंघोळीच्या आदल्या दिवशी तासभर राखून ठेवा. एकाने ज्योत बघायची, एकाने नळीवरची तारीख वाचायची, लहान मुलांना साबणाच्या पाण्याचे बुडबुडे शोधायला लावायचं. त्यांना ते फार आवडतं. खिडकीतला पुठ्ठा आणि टॉवेल काढायचा. गीझर बाहेर हलवायचा असेल तर सुट्टी संपायच्या आत प्लंबर ठरवायचा, ‘पुढच्या खेपेला’ म्हणायचं नाही. तपासल्याची तारीख गीझरवर चिकटपट्टीने लावून ठेवायची, म्हणजे पुढच्या वर्षी कोणीही आलं तरी त्याला कळेल.

आणि घरात सगळ्यांना मिळून एक साधी सवय लावता येईल. आंघोळीला गेलेल्या माणसाला दहा मिनिटांनी बाहेरून एक हाक मारायची. आतून ‘आले, आले!’ असं वैतागून उत्तर आलं, की आपण आपल्या कामाला मोकळे.